नळ, गटार आणि नोंदवही

विहार तलावाचे पाणी मुंबईत नळाने आले ते १८६० साली. त्याआधी शहराची तहान विहिरींवर आणि तळ्यांवर भागत असे, आणि उन्हाळा लांबला की तीही तळाला जात. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने आखलेली विहारची योजना ही या देशातल्या आधुनिक नागरी पाणीपुरवठ्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. तिचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. पाणी शहरात आणण्याची आखणी झाली होती. वापरलेले पाणी शहराबाहेर नेण्याची धड झालेली नव्हती. नळ आले, वापर वाढला आणि सांडपाणी गल्लीबोळांत व सखल भागांत साचू लागले. मलनिःसारणाची कामे मागाहून, रखडत रखडत आली. तोवर मैला वाहून नेणाऱ्या माणसांच्या जिवावर शहर चालले, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाने त्याची रीतसर तरतूदही होती.

पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्याचा इतिहास असा धरणांच्या नावांनी सांगितला जातो. ही नावे आणि साले घडाघडा सांगणारे लोक मला भेटतात. आपल्या गल्लीखालचा नळ कोणत्या साली टाकला आणि गटाराची वाहिनी शेवटची कधी तपासली, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

शहराच्या पाण्याची आणि निचऱ्याची देखभाल व सुधारणा यांचे नियोजन हा याचा विषय. ‘देखभाल’ आणि ‘सुधारणा’ हे शब्द महापालिकेच्या अर्थसंकल्पात वेगवेगळ्या पानांवर असतात. एक महसुली खर्चात, दुसरा भांडवली खर्चात. अनेक शहरांत त्यांची खातीही वेगळी, फायलीही वेगळ्या. माझे म्हणणे असे की ही फारकतच मुळात चुकीची आहे. कोणता नळ बदलायचा, कोणती वाहिनी मोठी करायची, पंप कुठे बसवायचा याचे उत्तर दुरुस्तीच्या नोंदींतून निघायला हवे. जिथे त्या नोंदी नाहीत तिथे सुधारणेचा आराखडा म्हणजे सल्लागाराने नकाशावर मारलेल्या रेघा. आणि पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची योजना एकाच टेबलावर झाली नाही, तर विहारच्या वेळी जे झाले तेच लहान प्रमाणावर दर वर्षी होत राहते.

नोंदींचे महत्त्व समजायला चावीवाल्याचे काम पाहावे. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही. विभागवार, ठरलेल्या वेळी सोडले जाते. ते सोडणारा माणूस म्हणजे चावीवाला. रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून, लांब दांड्याची चावी खाली घालून तो झडप फिरवतो. कोणती झडप किती आटे उघडली की टेकडीवरच्या चाळीला पाणी चढते आणि खालच्या वस्तीत नळ फुटत नाही, कोणती झडप अर्ध्यावर अडते, कोणती पूर्ण बंद केली तरी पाणी झिरपते, हे त्याच्या हाताला माहीत असते. कनिष्ठ अभियंत्याची बदली होते, वरिष्ठांची होते. चावीवाला वर्षानुवर्षे त्याच वॉर्डात असतो. ज्या दिवशी तो निवृत्त होतो त्या दिवशी त्या वॉर्डाच्या पाण्याचे अर्धे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. ते लिहून घेण्याची व्यवस्था आपण केलेली नाही. नव्या संगणकीय नकाशांवर कोट्यवधी खर्च होतात, आणि त्या नकाशातली झडप जागेवर आहे की डांबराखाली गाडली गेली आहे, हे विचारायला कोणी त्याच्याकडे जात नाही. या पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणूनच झडपांच्या नोंदवहीवर आहे: जागा, व्यास, आटे, उघडण्याची दिशा, शेवटची तपासणी. दिसायला किरकोळ काम. पण याच्यावाचून पुढचे कुठलेच काम उभे राहत नाही.

जमिनीखाली काय आहे ते माहीत नसण्याची किंमत किती असते याची दोन उदाहरणे अगदी अलीकडची आहेत. ठाण्यातून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलाकडे पाणी आणणारा बोगदा साडेपाच मीटर व्यासाचा आणि सुमारे १५ किलोमीटर लांबीचा. वर जमिनीवर कोणी कूपनलिका खणली आणि ती या बोगद्यातच घुसली. दुरुस्तीसाठी बोगदा बंद करावा लागला आणि ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अंधेरीत वेरावली जलाशयाजवळ मेट्रोच्या कामात १,८०० मिलिमीटरची मुख्य जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांत कित्येक वस्त्या काही दिवस कोरड्या राहिल्या. दोन्ही वेळी दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो साधा प्रश्न: खोदकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर त्या वाहिनीचा, तिच्या खोलीसकट, नकाशा होता का? बोगदा ठाण्यात, मालकी मुंबई महापालिकेची, खोदणारा तिसराच. एका शहराची पाण्याची वाहिनी दुसऱ्या शहराच्या हद्दीतून जात असेल, तर परवान्याची पद्धतही दोघांची मिळून असायला हवी. प्रत्येक वीज, गॅस, दूरसंचार आणि मेट्रो खात्याने खोदण्याआधी एकाच नोंदीत पाहायचे, असा नियम कागदावर करणे अवघड नाही; ती नोंद खरी ठेवणे अवघड आहे.

आता नळाच्या वयाबद्दल. बिडाचा नळ बाहेरून शाबूत दिसतो तेव्हाही आतून बदलत असतो. गंज आणि क्षार यांचे खडबडीत थर भिंतीवर चढत जातात. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या नळात चहूबाजूंनी २५ मिलिमीटरचा थर बसला, तर पाण्याला वाट उरते १०० मिलिमीटरची. व्यास एक तृतीयांशाने घटला, पण वाहण्याची क्षमता नुसती तेवढ्यानेच घटत नाही. ती मूळच्या साधारण एक तृतीयांशावर येते, आणि आतला खडबडीतपणा धरला तर त्याहूनही खाली. गल्लीच्या टोकाला दाब कमी झाल्याच्या तक्रारी येतात. मग इमारती नळालाच मोटर लावून पाणी ओढतात, शेजारच्यांचे आणखी कमी होते आणि भांडणे सुरू होतात. धरण भरलेले असते आणि लोक पाण्यासाठी भांडत असतात, याचे कारण बहुधा या शेवटच्या काही शे मीटरमध्ये असते.

असे नळ सगळे एकदम बदलता येत नाहीत. पैसा तेवढा नसतो आणि सगळे रस्ते एकाच वेळी उखडताही येत नाहीत. म्हणून क्रम लावावा लागतो, आणि तो वयावर लावला की फसगत होते. काही जुने नळ अजून भक्कम आहेत. काही पुष्कळ नंतरचे नळ खराब मातीत, खराब सांध्यांनी टाकले म्हणून दर पावसाळ्यात फुटतात. एका नळाच्या तुकड्यावर पाच वर्षांत किती वेळा दुरुस्ती झाली, प्रत्येक वेळी किती तास पाणी बंद होते, त्याच्यावर रुग्णालय किंवा शाळा आहे का, शेजारून गटार जाते का, या चार गोष्टी वहीत असतील तर क्रम आपोआप लागतो. शेजारच्या गटाराचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. पाणी सोडणे बंद झाले की नळातला दाब उतरतो, काही ठिकाणी तो शून्याखालीही जातो, आणि चिरलेल्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर गळके गटार असेल तर सकाळी पहिल्या पाच मिनिटांचे गढूळ, वासाचे पाणी ही त्याचीच खूण. त्या इमारतीतल्या पोटाच्या तक्रारींचे मूळ दवाखान्यात सापडत नाही; ते रस्त्यात तीन फुटांखाली असते.

गळतीच्या शोधाचे काम आजही बरेचसे कानाने चालते. रात्री दीड-दोनला, वाहतूक थांबल्यावर, दोघे-तिघे निघतात. लोखंडी सळईचे एक टोक झडपेवर किंवा नळावर टेकवायचे आणि दुसऱ्याला कान लावायचा. फट असलेल्या जागी दाबातले पाणी बाहेर पडताना सतत एकसारखा फुसफुसता आवाज देते. नळातून नुसते वाहणारे पाणी तसा देत नाही. अनुभवी माणूस दोन झडपांवरच्या आवाजांतला फरक ऐकून गळती कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. आता आवाज टिपून अंतर काढणारी यंत्रे आली आहेत, त्यांचा उपयोगही चांगला होतो. मात्र आपल्या शहरांत एक अडचण मूळचीच आहे. चोवीस तास पाणी असेल तिथे मध्यरात्रीचा प्रवाह मोजला की गळती किती ते कळते, कारण तेव्हा कोणी पाणी वापरत नाही. दिवसातून दोन-चार तास पाणी सोडणाऱ्या विभागात अशी शांत वेळच नसते; सोडलेल्या प्रत्येक मिनिटाला घरोघरच्या टाक्या भरत असतात. म्हणून आधी विभाग वेगळा करायचा, त्याच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि मग हिशेब मांडायचा. दुसऱ्या प्रकरणात ही रीत सविस्तर दिली आहे.

हिशेबाला किती महत्त्व आहे ते एका आकडेमोडीने दाखवतो. मुंबईला दररोज ३,८५० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवले जाते. केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवा निकषांत हिशेबाबाहेरच्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. आपण पाव हिस्सा हिशेबाबाहेर जातो असे धरले, तरी रोजचे ९६ कोटी लिटर होतात. यातले सगळे मातीत मुरत नाही. काही बेकायदा जोडण्यांत जाते, काही बंद मीटरमुळे मोजलेच जात नाही. पण पालघर जिल्ह्यातल्या प्रस्तावित गारगाई धरणातून मिळणार आहेत रोजचे ४४ कोटी लिटर, आणि त्यासाठी जंगल बुडणार, गावे उठणार. नवे धरण कधीच नको असे मी म्हणत नाही. गळतीचा हिशेब विभागवार छापील स्वरूपात समोर ठेवल्याशिवाय मात्र कोणत्याही शहराने दुसऱ्याच्या जंगलाकडे बोट दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वापरलेल्या पाण्याकडे वळतो. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा. माणशी १३५ लिटर आणि घरात पाच माणसे धरली तर एका कुटुंबाचे दिवसाला ५४० लिटर. चोवीस बिऱ्हाडांची तीन मजली इमारत रोज सुमारे १३,००० लिटर सांडपाणी सोडत असे. ती पाडून १२० सदनिकांचा टॉवर उभा राहिला की तेच ६५,००० लिटरच्या घरात जाते. टॉवरची परवानगी इमारत प्रस्ताव विभाग देतो. खालची वाहिनी मलनिःसारण विभागाची, आणि ती बऱ्याचदा जुन्या इमारतीच्या काळचीच. एका गल्लीत असे चार पुनर्विकास झाले की पावसाळ्याची वाटही न पाहता मॅनहोल उफाळू लागतात. प्रत्येक पुनर्विकासाच्या परवान्याबरोबर त्या गल्लीच्या वाहिनीची क्षमता तपासून तिचा खर्च वसूल व्हावा, ही या पुस्तकातली सर्वांत आग्रहाची सूचना आहे.

नुसती मोठी वाहिनी टाकूनही भागत नाही. सांडपाण्याला स्वतःबरोबर गाळ वाहून न्यायचा असेल तर सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. अवाढव्य वाहिनीत थोडे पाणी संथ वाहते, गाळ बसतो आणि तीच वाहिनी तुंबते. योग्य उतार, योग्य व्यास आणि वेळेवर धुलाई या तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

धुलाई म्हटली की माणसांचा विषय येतो, आणि तो मी तळटिपेत टाकणार नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही ठेकेदाराच्या हाताखालचा माणूस मॅनहोलमध्ये उतरतो आणि विषारी वायूने गुदमरतो, अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. कारण बरेचदा आराखड्यातच असते. अरुंद गल्लीत जेटिंगची गाडी शिरत नाही, जुने मॅनहोल यंत्राला पुरे पडत नाहीत, इमारतींच्या मागच्या हाऊस गल्ल्यांत तर उभे राहायलाही जागा नसते. जिथे यंत्र पोचत नाही ते प्रत्येक ठिकाण नकाशावर लाल खुणेने दाखवावे आणि सुधारणेच्या कामांत त्याला पहिला क्रम द्यावा. माणूस खाली उतरवावा लागेल अशी एकही जागा शिल्लक असेल, तर ती योजना मी पूर्ण मानत नाही.

पावसाच्या पाण्यावरचा भाग सर्वांत मोठा झाला, कारण तिथे अंदाज चुकल्याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याइतक्या होत्या. त्यातही अर्धा पाऊस जमिनीत मुरेल असे धरलेले होते. मैदाने, बागा, मोकळी आवारे होती तोवर हे गृहीतक चालले. आज डांबर, काँक्रीट आणि फरश्यांवर पडलेला जवळपास सगळाच पाऊस गटाराकडे धावतो. ‘ब्रिमस्टोवॅड’ या १९९३ च्या अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि मुरणे शून्य असे नवे प्रमाण सुचवले. पाऊस दुप्पट आणि मुरण्याची सूट रद्द, म्हणजे वाहिन्यांची क्षमता चौपट हवी. अहवाल झाला, कामे मात्र बहुतांश कागदावर राहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस कोणतीच गटारे पेलू शकली नसती, हे खरे. पण १९९३ ची कामे झाली असती तर पाणी किती लवकर ओसरले असते, किती माणसे वाचली असती, हा प्रश्न आजही टोचतो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यानंतर मिठी नदीपासून गटारांच्या पातळ्यांपर्यंत सगळ्याची कसून तपासणी केली. तो अहवाल शहराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

मुंबईची खरी कोंडी समुद्राशी आहे. पावसाचे पाणी बाहेर सोडणारी १८६ पातमुखे. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली आणि फक्त सहा भरतीच्या वर. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी बाहेर जाणे दूरच, समुद्रच आत येतो. म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रे उभारली: भरतीला दारे बंद करायची आणि पाणी पंपाने उपसून टाकायचे. हिंदमाताच्या खोलगट भागासाठी अलीकडे दादर-परळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस त्यांत धरून ठेवायचा आणि ओहोटी लागली की सोडायचा. या कामांचा उपयोग दिसतो. पण पंप हे यंत्र आहे. आपल्या नियमपुस्तिकेत वितरणाच्या नळाची मुदत ३० वर्षे धरतात, पंपाची १५. आज बसवलेला पंप कधी बदलायचा आणि तेव्हा पैसा कुठून येणार, हे आजच्याच ठरावात लिहिले नाही तर ऐन पावसाळ्यात एखादा पंप बंद पडलेला आढळेल.

नालेसफाईवर एक कडक परिच्छेद लिहिल्याशिवाय राहवत नाही. दर वर्षी मे महिन्यात किती टन गाळ काढला याचे आकडे जाहीर होतात, त्यावर आरोप होतात, चौकश्या होतात. टनांवर पैसे दिले की टन वाढतात. ठेकेदाराने नाल्याचा तळ ठरलेल्या पातळीवर आणून दिला का, हे मोजावे आणि पैसे त्यावर द्यावेत. आणि तोच गाळ दर वर्षी त्याच जागी का येतो, याचा शोध उगमाकडे जाऊन घ्यावा. वर कुठे डोंगर खणला जातो आहे, कुठे बांधकामाचा राडारोडा रात्री नाल्यात टाकला जातो, कुठे कचऱ्याची गाडी वस्तीपर्यंत पोचतच नाही.

मुंबईची उदाहरणे जास्त आली, कारण तिथल्या नोंदी उपलब्ध आहेत. पण हे पुस्तक तिच्यापुरते नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्द अधिसूचनेने वाढली. नळ आणि गटारे तशी वाढत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. लहान नगरपालिकांची अडचण आणखी निराळी. अनुदानातून योजना उभी राहते, हस्तांतरित होते, आणि दोन-तीन वर्षांत विजेचे बिल व पंपाची दुरुस्ती यांतच ती अडते, कारण चालवण्याच्या खर्चाला अनुदान नसते आणि पाणीपट्टी वाढवण्याची सभागृहाची तयारी नसते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. लहान गावाला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन पाहावे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक ओळीने वाचले नाही तरी चालेल. नगरसेवकांनी पैशाच्या प्रकरणापासून, गृहसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी गढूळ पाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. कनिष्ठ अभियंत्यांनी मात्र पहिले दोन भाग सोडू नयेत. पावसाच्या तीव्रतेचे आकडे प्रत्येक गावाचे वेगळे असतात आणि तेही आता बदलत आहेत, म्हणून परिशिष्टातले तक्ते मी कोरे ठेवले आहेत. आपल्या गावाच्या पर्जन्यमापकाचे, नळांच्या फुटीचे आणि मॅनहोल उफाळण्याचे आकडे ज्याने त्याने त्यांत भरावेत, दर पावसाळ्यानंतर तपासावेत आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत तेच तक्ते टेबलावर ठेवावेत.